गाडीच्या नाकावरचा पदर

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेले भाषण)



दादर मळायला घेतली, की आपण आधी काय करतो? पदर नाकातोंडाला घट्ट बांधतो. तूर झोडपताना, गहू पाखडताना, मिरची कांडतानासुद्धा हेच. कोणी शिकवावं लागत नाही. फुफाटा छातीत गेला की रात्रभर खोकला सुटतो, हे आपल्याला ठाऊक असतं.

गाडीलाही असा एक पदर असतो. त्याला केबिन फिल्टर म्हणतात. गाडीत बसलेल्या माणसांना जी हवा मिळते, ती या फिल्टरमधून गाळून येते. पुष्कळ घरच्या गाड्यांत तो आहे, पण तो दडलेला असतो. दिसत नाही म्हणून आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून तीन-तीन, चार-चार वर्षं बदलला जात नाही. आज आपण त्याचीच गोष्ट करू. तो कुठे असतो, कधी बदलायचा आणि मेकॅनिकशिवाय आपल्या हाताने कसा बदलायचा, ते सगळं सांगू.

काही जणी म्हणतील, गाडीचं काम आम्हाला कशाला? ते घरातला माणूस बघेल, नाहीतर ड्रायव्हर भाऊ बघेल. पण बहिणींनो, गाडीत बसतं कोण? बाळंतपणाला तालुक्याला जाते ती सून. लस द्यायला नेतो ते तान्हं बाळ. दमा असलेली आजी. आखाजीला माहेरी येते ती लेक आणि तिची पोरं. आणि आता तर गाडी चालवणाऱ्या आणि गाडीच्या मालकीण असलेल्या बायकाही आपल्यात आहेत. केंद्र सरकारने 2017 साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस ही योजना आणली. तिच्यात बचत गटातल्या सदस्यांनी गावोगावी प्रवासी वाहनं चालवावीत, असा विचार आहे. गाडी आपली असेल तर तिच्या आतली हवा हीसुद्धा आपलीच जबाबदारी.

आता आधी एक घोळ मिटवून टाकू. गाडीत हवेचे फिल्टर दोन असतात. एक इंजिनासाठी. तो बोनेटखाली असतो, आणि इंजिन जी हवा ओढतं ती गाळतो. दुसरा माणसांसाठी. तो हा केबिन फिल्टर. दोन्हींचं काम वेगळं आणि जागाही वेगळी. गॅरेजच्या बिलावर नुसतं ‘एअर फिल्टर’ लिहिलं असेल तर तो बहुधा इंजिनाचा असतो. आपला जो आहे त्याला ‘केबिन फिल्टर’, ‘एसी फिल्टर’ किंवा ‘पोलन फिल्टर’ असं लिहितात. त्यामुळे बिल हातात आलं की विचारायचं, "भाऊ, हा कोणता बदलला?" एक बदलला म्हणून दुसराही बदलला गेला, असं समजायचं नाही.

बाहेरची हवा गाडीत कुठून येते, तेही बघून घ्या. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर बसवलेले असतात तिथे, एक जाळी असते. हवा तिथून आत जाते. पुढे फिल्टर असतो, पंखा असतो, आणि एसीचं गार होणारं जाळं असतं. तिथून ती डॅशबोर्डच्या झरोक्यांतून आपल्या तोंडावर येते. फिल्टर म्हणजे घड्या घातलेला, बारीक तंतूंचा जाड कापडी कागद. वहीएवढा, चौकोनी. घड्या यासाठी, की थोड्या जागेत जास्त कापड बसावं. नवा असतो तेव्हा पांढरा असतो. काहींच्या तंतूंत कोळशाची पूड असते, ते करडे-काळे दिसतात. कोळसा थोडाफार वासही धरून ठेवतो.

आता हे आपल्याच भागात जास्त महत्त्वाचं का? कारण जळगाव-धुळ्याकडे धुळीला सुट्टी नसते. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालू लागतात, आणि त्या रस्त्याने रुईचे तंतू उडत राहतात. हे तंतू फिल्टरच्या घडीत जाऊन बसतात आणि त्यांच्यावर माती चिकटते. नंतर तूर, हरभरा, दादर, गहू यांची मळणी. मळणी यंत्राचा भुसा अख्ख्या शिवारात पसरतो. मग उन्हाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांना जाऊन भिडतो. काळी माती वाळून पिठासारखी होते आणि एक वावटळ आली की ती आभाळाला लागते. त्यात रस्ते. धुळे ते जळगाव आणि पुढे मुक्ताईनगरकडे जाणारा महामार्ग, ज्याला आपण अजून सहा नंबरचा म्हणतो आणि ज्याचा आकडा आता 53 आहे, त्याच्या रुंदीकरणाची धूळ आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. गावातून हायवेला लागेपर्यंतचा कच्चा रस्ता तर रोजचाच. पुढे ट्रॅक्टर किंवा डंपर असला की काचेबाहेरचं काही दिसत नाही.

ही धूळ सगळी सारखी नसते. डोळ्याला दिसते ती जाड धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. पण अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे हे कण केसाच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक. गाड्यांचा धूर, जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, यांत असे कण फार असतात. चांगला फिल्टर जाड धूळ, तंतू आणि परागकण जवळजवळ सगळे अडवतो, आणि बारीक कणांचाही काही वाटा धरून ठेवतो. मोठं माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतं. तान्हं बाळ 30 ते 60 वेळा घेतं. म्हणजे त्याच गाडीत, त्याच हवेत, मांडीवरच्या बाळाची छाती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त काम करत असते. फिल्टरची काळजी करायची ती आधी त्याच्यासाठी.

फिल्टर भरला हे कसं ओळखायचं? चहाच्या गाळणीची आठवण ठेवा. गाळणीत पत्तीचा थर साचला की चहा खाली उतरत नाही, वरच तुंबतो. फिल्टरचंही तसंच. पंखा चारवर केला तरी हवा एकवर असल्यासारखी येते. आवाज मोठा, हवा थोडी. मागच्या सीटवर तर वाराच लागत नाही. एसी लावल्याबरोबर ओलसर, कुबट वास येतो. डॅशबोर्ड आज पुसला तर उद्या पुन्हा धुळीचा थर. पावसाळ्यात काच आतून धुकटते आणि लवकर निवळत नाही. ही शेवटची खूण हलक्यात घेऊ नका. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पाऊस लागला आणि काचेतून समोरचं दिसेनासं झालं, तर तिथे प्रश्न श्वासाचा नाही, जिवाचा होतो.

इथे पैशाची एक गोष्ट सांगतो. एसी गार करत नाही म्हणून गाडी गॅरेजला नेली, की पुष्कळदा पहिलं उत्तर येतं, "गॅस भरावा लागेल." त्याआधी तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा. हवा कमी येते की गारवा कमी आहे? झरोक्यासमोर वहीचा एक कागद धरा. पंखा पूर्ण केल्यावरही कागद जेमतेम हलत असेल, पण येते ती हवा गार असेल, तर गॅस बहुधा ठीक आहे. आधी फिल्टर बघा. कागद जोरात फडफडतो पण हवा कोमट आहे, तर दोष दुसरीकडे आहे, मग गॅरेजला जा. एवढं कळलं तरी हजार-दोन हजारांचा नाहक खर्च टळू शकतो.

आता फिल्टर बदलायचा कसा ते ऐका. बहुतेक घरच्या गाड्यांत तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर, आपण कागदपत्रं ठेवतो त्या कप्प्याच्या मागे असतो. काही गाड्यांत तो डाव्या बाजूला पायाशी असतो, काहींत बोनेट उघडल्यावर काचेच्या पायथ्याशी. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्र असतं. पुस्तिका हरवली असेल तर स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगून विचारा. आणि हेही सांगायला हवं, की काही जुन्या जीपगाड्यांत हा फिल्टर नसतोच. काही गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये जागा असते, झाकण असतं, पण आत फिल्टर घातलेला नसतो. झाकण उघडलं आणि आत रिकामं दिसलं तर घाबरू नका. दुकानदाराला विचारा, त्या जागेत बसणारा फिल्टर बहुधा मिळतो.

कप्प्यामागचा फिल्टर असेल तर काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. गाडी सावलीत उभी करा, बंद करा, किल्ली काढून घ्या. नाकातोंडाला रुमाल बांधा. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. कप्प्यातलं सगळं सामान बाहेर काढा. कप्पा उघडा. त्याच्या एका कडेला छोटी दोरी किंवा दांडी असेल तर ती हलक्या हाताने सोडवा. मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आतल्या बाजूला दाबा. अडकवणारी बोंडं सुटतात आणि कप्पा खाली लोंबतो. काही गाड्यांत याऐवजी दोन-तीन स्क्रू असतात. जोर लावायचा नाही. प्लास्टिक आहे, कडकन तुटतं, उन्हात तापलेलं असेल तर आणखी सांभाळा.

कप्प्याच्या मागे एक लांबट, अरुंद झाकण दिसेल. त्याच्या कडेची कळ दाबली की ते निघतं. आत फिल्टरची कड दिसते. ओढायच्या आधी थांबा आणि बघा. कडेवर एक बाण असतो. तो वर आहे की खाली, ते नीट लक्षात ठेवा. मोबाइल असेल तर फोटोच काढा. नवा फिल्टर याच दिशेने घालायचा. आता सावकाश, आडवा ओढून काढा. झटका दिलात तर सगळा कचरा आतल्या पंख्यात पडेल. कडुनिंबाची पानं, मेलेले किडे, कापसाचे पुंजके, काय काय निघतं! गाडी धान्याच्या कोठीजवळ उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेलं कापडही निघतं. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर त्यांना उघडा हात लावू नका, झाडूही नका. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालून, ओल्या फडक्याने टिपून काढा.

मग ती रिकामी खाच ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसा. पाणी ओतायचं नाही. नव्या फिल्टरच्या कडेवर पेनाने आजची तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहा. बाण जुन्यासारखाच ठेवून तो आत सरकवा. झाकण लावा, कप्पा बसवा, गाडी चालू करून पंखा फिरवा. कागद पुन्हा झरोक्यासमोर धरा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. पंख्यातून खडखड येत असेल तर एखादं पान आत गेलं आहे. पुन्हा उघडून काढा. आमच्या गटातल्या ज्या बहिणीने हे पहिल्यांदा केलं, तिने कधी पाना-पेचकस धरला नव्हता. दुसऱ्या वेळी तिला दहा मिनिटंही लागली नाहीत.

एक काळजी. दमा असलेल्या, दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बहिणीने जुना फिल्टर काढायच्या कामाला हात घालू नये. बाकीच्यांनी तो काढावा. आणि जुना फिल्टर चुलीत घालू नका. त्याचे तंतू बहुतेक प्लास्टिकचे असतात, त्याचा धूर वाईट. वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका.

किंमत किती? नेहमीच्या घरच्या गाड्यांचा साधा फिल्टर साधारण अडीचशे-तीनशेपासून मिळतो. कोळशाचा असेल तर सहाशे-सातशेपर्यंत जातो. वर्षाला साडेतीनशे धरले तर दिवसाला रुपयासुद्धा पडत नाही. दुकानात जाताना गाडीचं नाव, मॉडेल आणि साल सांगा, जमलं तर जुना फिल्टर पिशवीत घालून न्या. मापात थोडाही ढिला घेऊ नका. कडेला फट राहिली तर हवा गाळणीतून न जाता फटीतून जाते, मग फिल्टर असून नसून सारखा.

आता आम्हाला नेहमी विचारले जातात ते प्रश्न.

पहिला प्रश्न, फिल्टर धुवून पुन्हा वापरला तर? ज्यावर धुता येतो असं स्पष्ट लिहिलं असेल तोच धुवा. साध्या फिल्टरचे तंतू बारीक धूळ धरून ठेवतात ते त्यांच्यातल्या विजेच्या सूक्ष्म भारामुळे. पाणी आणि साबण लागला की ती ताकद जाते. वर घडीत ओल राहून बुरशी धरते, आणि मग तीच बुरशी आपण पंख्याने तोंडावर मारून घेतो. हवेच्या पाइपने फुंकला तर कापडाला भोकं पडतात. नवा मिळेपर्यंत चार दिवस काढायचे असतील तर घरापासून दूर, वाऱ्याला पाठ करून हलका आपटा. पण ते तेवढ्यापुरतंच.

दुसरा, काढूनच टाकला तर? हवा जोरात येते खरी. पण मग धूळ थेट एसीच्या गार जाळ्यावर बसते. तिथे पाणी सुटलेलं असतं, त्याचा चिखल होतो, वास सुटतो. ते जाळं साफ करायला कित्येक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि हजारोंचा खर्च येतो. तीनशे वाचवून हजार घालवायचे, हा कुठला हिशेब?

तिसरा, गाडीतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबून ठेवलं तर? धुळीत, ट्रकच्या मागे किंवा फवारणी चाललेल्या वावराजवळून जाताना ते जरूर दाबा. पण काचा बंद आणि आठ-नऊ माणसं आत असतील, तर तीच हवा फिरत राहून जड होते. डोकं दुखतं, पोरं कुरकुरतात, ड्रायव्हरला झापड येते. म्हणून धूळ मागे पडली की बाहेरची हवा सुरू करा. पावसाळ्यात काच धुकटली तरीही बाहेरची हवा, एसी आणि पुढच्या काचेचा झोत एकदम लावा.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. फिल्टर नवा आहे, मग सगळं सुरक्षित का? नाही, बहिणींनो. फिल्टर धूळ अडवतो, विषारी वायू अडवत नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याच्यातून सरळ आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून लग्नाच्या मांडवाबाहेर किंवा यात्रेत, इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत कोणी झोपायचं नाही. पोरांना तर कधीच झोपवायचं नाही. फवारणीच्या औषधाचे डबे माणसं बसतात तिथे ठेवायचे नाहीत. त्याची वाफसुद्धा या फिल्टरला थांबत नाही.

आता बदलायचा कधी? बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकांत 10 ते 20 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत दिलेली असते. धुळीच्या भागात ती आधी येते, हेही बहुधा तिथे लिहिलेलं असतं. आपला भाग धुळीचाच. तेव्हा आपण आपल्या सणांवर हिशेब बसवू, म्हणजे विसरणार नाही. वर्षातून दोनदा उघडून बघायचा. एकदा नवरात्रात, पावसाळ्याची ओल आणि बुरशी बघायला. एकदा आखाजीच्या आधी, कापूस आणि मळणीची धूळ बसल्यावर, लेकी माहेरी यायच्या आत. दोन्हीपैकी एकदा तरी तो बदलायचाच. भाड्याने रोज फिरणारी गाडी असेल तर दोन्ही वेळा. मधल्या काळात दर पंधरवड्याला वायपरजवळच्या जाळीतली पानं हाताने वेचा. गाडी कडुनिंबाखाली उभी असेल तर आठवड्याला.

गटाची गाडी असेल तर बचतीच्या वहीशेजारी गाडीचीही एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले, कोणी बदललं. चार रकाने पुरतात, पाचवा सहीचा. गाडी कोणाच्याही हातात गेली तरी वही बोलते. काळी-पिवळीने किंवा भाड्याच्या गाडीने जाणाऱ्या बहिणींनीही विचारायला हरकत नाही. "भाऊ, एसीचा फिल्टर कधी बदलला?" गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालक बघायला लागतो.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी कप्पा उघडून फिल्टर आहे की नाही, आणि असला तर कसा आहे, ते बघून यायचं. जिचा सगळ्यांत काळा असेल, तिचा सगळ्यांनी मिळून बदलायचा. एकीचं बघून दहा जणी शिकतील.

पुढच्या वेळी टायरमधली हवा आणि उन्हाळा यांवर बोलू. तोवर रामराम.